मुद्द्यांवरून गोष्ट

शाळेत मराठीच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा. ‘खालील मुद्द्यांवरून गोष्ट तयार करा.’ एक गाव – म्हातारा शेतकरी – चार आळशी मुलं – शेतात पुरलेलं धन – सगळं शेत खणणं – भरघोस पीक – तात्पर्य. आठवलं ना? हा प्रश्न आम्हा पोरांचा भारी लाडका, कारण डोकं चालवायचं काम पेपर काढणाऱ्या बाईंनी आधीच करून ठेवलेलं असायचं. आपण फक्त त्या रेघांच्या जागी ‘मग’, ‘त्यामुळे’, ‘इतक्यात’ वगैरे भरायचं, की झाली गोष्ट तयार.

पण ते मुद्दे मुळात येतात कुठून? आणि शेतकरी आधी, धन नंतर, हा क्रम कोण ठरवतं? हे काही शाळेत कुणी शिकवलं नाही. पुढे इंजिनियरिंगला तर मराठीचा पेपरच संपला. ते शिकायला मला वयाच्या पस्तिशीत इंग्लंडला यावं लागलं.

तर झालं असं. इथे येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. एका जुन्या रेल्वे पुलाच्या तपासणीचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आपला जीव तोडून ६० पानं लिहिली. मोजमापं, फोटो, गंजाच्या नोंदी, आकडेमोड, काही म्हणून सोडलं नाही. आमचे वरिष्ठ म्हणजे निवृत्तीला आलेले एक इंग्रज गृहस्थ. त्यांनी गठ्ठा चाळला, चहाचा घोट घेतला आणि अत्यंत सभ्यपणे तो मला परत दिला. म्हणाले, “छान आहे. आता ह्यात तुला काय सांगायचंय ते एका पानावर लिहून आण.”

दोन दिवस मला ते एक पान लिहिता येईना! तेव्हा लक्षात आलं, की मी सगळं गोळा केलं होतं, पण ठरवलं काहीच नव्हतं. पूल ठेवायचा, दुरुस्त करायचा की पाडायचा? ६० पानं वाचून कुणालाही ते कळलं नसतं. मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा पडलेला चेहरा पाहिला असावा. म्हणाले, “तुझ्या घरापासून बसच्या अंतरावर एका माणसाचं घर आहे. ह्या बाबतीत त्याच्याइतका सावध माणूस झाला नाही. जाऊन ये एकदा.”

तो माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन.

तुम्ही म्हणाल, पुलाचा अहवाल कुठे आणि डार्विन कुठे! मलाही तसंच वाटलं होतं. त्या वेळी घर पाहून आलो, फोटो काढले आणि विसरून गेलो. मागच्या महिन्यात मात्र मुद्दाम परत गेलो. त्याचं कारण साताऱ्याहून आलेला आईचा फोन. आमचं जुनं घर आता पाडायचं ठरलंय, तिथे बिल्डिंग होणार आहे. आई आवराआवर करतेय. तिनं विचारलं, “अण्णांच्या ट्रंकेचं काय करायचं रे? रद्दीवाला दोनदा येऊन गेला.”

त्या ट्रंकेबद्दल पुढे सांगतो. आधी डार्विनच्या घरी जाऊ या.

*

लंडनच्या आग्नेयेला ब्रॉम्ले नावाचं उपनगर आहे. तिथून १४६ नंबरची बस पकडायची. आपल्याकडच्या मुक्कामी एस.टी.सारखी ती अरुंद रस्त्यांवरून, कुंपणांना घासत शेवटच्या गावापर्यंत जाते. गावाचं नाव डाऊन. गावाच्या स्पेलिंगला पुढे एक जास्तीचं ‘ई’ लागलं, घराला लागलं नाही, त्यामुळे गाव आणि घर ह्यांचं स्पेलिंग आजही वेगळं आहे. १८४२ च्या सप्टेंबरात डार्विन बायकामुलांसह इथे राहायला आला आणि १८८२ साली इथेच वारला. म्हणजे ४० वर्षं मुक्काम एका जागी. जगाची प्रदक्षिणा करून आलेला हा माणूस त्यानंतर ब्रिटनबाहेर कधी गेला नाही.

तळमजल्यावर त्याची अभ्यासिका आहे. घर आता इंग्लिश हेरिटेज ह्या संस्थेकडे आहे आणि त्यांनी ती खोली त्याच्या वेळी होती तशी लावून ठेवली आहे. खोलीत टेबल आहे, पण ते पुस्तकांनी आणि बरण्यांनी भरलेलं. लिहायला तो बसायचा खुर्चीत. खुर्चीच्या पायांना चाकं बसवलेली आणि हातांवर आडवी फळी ठेवलेली. आपल्याकडे दिवाणजी मांडीवर डेस्क घेऊन बसायचे, त्यातलाच प्रकार.

खरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे शेकोटीच्या बाजूचे कप्पे. गावच्या पोस्टात पत्रं लावायला असतात ना, तसे. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. डार्विननं १८७६ साली मुलांसाठी आत्मचरित्र लिहिलं, त्यात ही सगळी व्यवस्था सांगून ठेवली आहे. त्याच्याकडे ३० ते ४० मोठी पाकिटं होती, एकेका विषयाचं एकेक. काही वाचलं, सुचलं, कुणी पत्रातून कळवलं, की ते चिटोरं त्या पाकिटात. स्वतःचं पुस्तक असेल तर वाचताना कामाच्या गोष्टींची यादी पुस्तकाच्या शेवटी पान नंबरासकट करायची. दुसऱ्याचं असेल तर वेगळ्या कागदावर सारांश काढायचा. अशा सारांशांनी एक मोठा खण भरलेला. नव्या विषयाला हात घालायचा झाला, की आधी ह्या सगळ्या छोट्या याद्या काढून एक मोठी वर्गवार यादी करायची. मग ती दोन-चार पाकिटं पुढ्यात घ्यायची. आयुष्यभर जमवलेलं सगळं हाताशी!

पुस्तकांवर त्याचं प्रेम होतं, पण भक्ती नव्हती. जाडजूड पुस्तक हातात धरवेना म्हणून सरळ मधोमध फाडून दोन भाग करायचा. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचूनच कसंतरी होतं.

एक नियम मात्र मला फार आवडला. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली, की ती ताबडतोब लिहून ठेवायची, एक क्षणही थांबायचं नाही. कारण त्याचा अनुभव असा, की सोयीच्या गोष्टी आपोआप लक्षात राहतात, गैरसोयीच्या तेवढ्या बरोबर विसरतात. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये आपल्याच सिद्धांतातल्या अडचणींवर एक अख्खं प्रकरण आहे, ते ह्या सवयीचं फळ. पुस्तकावर घेतलेल्या बऱ्याचशा आक्षेपांचा विचार त्यानं आधीच करून ठेवला होता.

*

आता जरा मागे जाऊ. ‘बीगल’ जहाजावरची पाच वर्षांची सफर संपवून डार्विन ऑक्टोबर १८३६ मध्ये परत आला. वय २७. सोबत वह्यांवर वह्या. जुलै १८३७ मध्ये त्यानं एक खास वही उघडली, प्राण्यांच्या जाती बदलतात की काय, ह्या एकाच प्रश्नासाठी. त्या वहीच्या ३६ व्या पानावर त्याचं ते प्रसिद्ध वेडंवाकडं झाड आहे. एका बुंध्यापासून फुटत गेलेल्या फांद्या, म्हणजे एका पूर्वजापासून झालेल्या जाती. (ही वही आणि तिची एक जोडीदार वही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून दोन दशकं गायब होती. मार्च २०२२ मध्ये कुणीतरी एका गुलाबी पिशवीत घालून, ईस्टरच्या शुभेच्छांसह, ग्रंथालयातच गुपचूप आणून ठेवली! कुणी नेली, कुणी आणली, देव जाणे.)

सप्टेंबर १८३८ मध्ये त्यानं माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला. खाणारी तोंडं वाढतात तेवढं अन्न वाढत नाही, मग झगडा होतो. डार्विनला किल्ली सापडली. ह्या झगड्यात ज्याचा छोटासा फरक उपयोगी पडतो तो टिकतो, त्याची पोरं टिकतात. हीच नैसर्गिक निवड. म्हणजे विशीत असतानाच मुख्य कल्पना हातात आलेली होती.

त्याच वर्षी ह्या गृहस्थानं लग्न करावं की नाही ह्याचेसुद्धा मुद्दे काढले होते! कागदावर दोन रकाने : करावं, न करावं. करावं ह्या बाजूला म्हातारपणी सोबत, घराची काळजी घेणारं माणूस वगैरे. कुत्र्यापेक्षा बायकोची सोबत बरी, असाही एक मुद्दा आहे. न करावं ह्या बाजूला पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, वेळ जाईल, नातेवाइकांकडे जावं लागेल. शेवटी निकाल ‘करावं’ असा लागला आणि जानेवारी १८३९ मध्ये त्यानं मामेबहीण एमाशी लग्न केलं. आमच्या घरी मी हा कागद वाचून दाखवला तेव्हा कुत्र्याच्या मुद्द्यावर जे ऐकून घ्यावं लागलं, ते इथे लिहीत नाही.

तर सांगायची गोष्ट म्हणजे त्याची लिहिण्याची पद्धत. मोठं पुस्तक असेल तर तो आधी मांडणीवरच भरपूर वेळ घालवायचा. पहिला आराखडा अगदी ओबडधोबड, दोन-तीन पानांचा. मग जरा मोठा, अनेक पानांचा. त्यात एकेक शब्द म्हणजे एकेक अख्खी चर्चा. मग त्यातला प्रत्येक मुद्दा फुगवायचा, बऱ्याचदा उचलून दुसरीकडे न्यायचा. हे सगळं झाल्यावर मग प्रत्यक्ष लिखाण. आणि ते लिखाण मात्र भराभर, घाणेरड्या अक्षरात, शब्द अर्धवट तोडून. सुधारणा नंतर सावकाश. सुरुवातीला तो म्हणे प्रत्येक वाक्य आधी मनात नीट जुळवून मगच लिहायचा. पुढे त्याच्या लक्षात आलं, की तसं करण्यापेक्षा आधी खरडून टाकलं तर वेळ वाचतो आणि वाक्यंही बरी होतात. हे खर्डे तो लिहायचा पाठकोऱ्या कागदांवर. पाठकोरे कागद वाया घालवू नयेत ही शिकवण फक्त आपल्याच घरात होती असं मला वाटायचं! उलट ‘ओरिजिन’च्या हस्तलिखिताच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्याच्या पोरांनी चित्रं काढली, आणि त्यातली काही पानं त्या चित्रांमुळेच जपली गेली.

ह्याच पद्धतीनं १८४२ च्या उन्हाळ्यात त्यानं आपल्या सिद्धांताचा पेन्सिलीनं एक खर्डा केला. ३५ पानांचा. १८४४ मध्ये तोच वाढवून २३० पानांचा केला, आणि गावातल्या शाळामास्तरांकडून सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. कारण हे दोन्ही खर्डे ‘अपुरे’ नाहीत. दोन्हींत गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. माणसानं पाळलेल्या जनावरांत होणारे बदल, मग निसर्गातले बदल, मग निवड, मग अडचणी, मग पुरावे. ‘ओरिजिन’ची मांडणी मुख्यतः हीच. त्या पुस्तकाचा शेवटचा परिच्छेद पुष्कळांना माहीत असतो, साध्या सुरुवातीपासून एवढी विविधता निपजली ह्यातली भव्यता सांगणारा. ती कल्पना १८४२ च्या पेन्सिली खर्ड्याच्या शेवटीच आहे! १७ वर्षं आधी. म्हणजे ३५ पानांचं ते एक पुस्तकच, फक्त लहान. मूल मोठं होतं तेव्हा आधी पाय, मग पोट, मग डोकं अशा क्रमानं नाही होत. ते लहानपणीही पुरतंच असतं.

*

५ जुलै १८४४ रोजी डार्विननं एमाला एक पत्र लिहिलं. एकाच घरात राहणाऱ्या बायकोला पत्र, कारण ते त्याच्या मृत्यूनंतर उघडायचं होतं. मी अचानक गेलो तर ह्या खर्ड्याच्या प्रकाशनासाठी ४०० पौंड बाजूला काढ, असं त्यात आहे. एखादा जाणकार संपादक शोध, त्याला माझी खुणा केलेली पुस्तकं दे, आणि आठ-दहा तपकिरी पाकिटांत जी चिटोरी वर्गवार ठेवली आहेत, तीही दे. संपादक कोण असावा ह्याची नावंही दिली. दहा वर्षांनी त्याच पत्रावर शेरा मारला, की ह्या कामाला हूकर सर्वांत योग्य. जोसेफ हूकर म्हणजे त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र. हूकरनं तो खर्डा वाचलेलाही होता.

मग त्यानं पुस्तक का काढलं नाही? ह्यावर इतिहासकारांत दोन तट आहेत. कुणी म्हणतं, तो घाबरला. १८४४ सालीच असल्याच विषयावर एक निनावी पुस्तक निघालं आणि त्याच्यावर पाद्री आणि प्राध्यापक दोघंही तुटून पडले. कुणी म्हणतं, घाबरला वगैरे काही नाही, हातातली कामं क्रमानं संपवत होता. त्यातलं एक काम म्हणजे बार्नकल, खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटणारे ते कवचवाले समुद्री जीव. त्यांच्यावर त्यानं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घालवली. घरातल्या पोरांनी जन्मापासून बाबांना हेच करताना पाहिलं. त्यातल्या एकानं शेजारच्या गृहस्थांबद्दल विचारलं म्हणे, की मग ते त्यांचे बार्नकल कुठे करतात?

अखेर मे १८५६ मध्ये, मित्रांनी मागे लागल्यावर, त्यानं मोठा ग्रंथ लिहायला घेतला. दोन वर्षांत दहा-एक प्रकरणं झाली. आणि जून १८५८ मध्ये टपालानं ते पत्र आलं.

पाठवणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस. आजच्या इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून. पोट भरण्यासाठी कीटक आणि पक्षी गोळा करून विकणारा, कुठल्याही विद्यापीठाची पदवी नसलेला माणूस. हिवतापानं फणफणलेला असताना त्याला तीच कल्पना सुचली, तोही माल्थस आठवूनच. ताप उतरल्यावर त्याच संध्याकाळी त्यानं मुद्दे टिपले आणि पुढच्या दोन संध्याकाळी निबंध लिहून काढला. तीन दिवस! डार्विननं भूशास्त्रज्ञ मित्र लायलला कळवलं, की वॉलेसकडे माझा १८४२ चा खर्डा असता तरी ह्याहून चांगला सारांश त्याला करता आला नसता. त्याचे शब्द माझ्या प्रकरणांची शीर्षकं आहेत.

विचार करा, काय वाटलं असेल. त्यातच घरात आजारपण. २८ जूनला त्याचं दीड वर्षाचं बाळ दगावलं. दुसऱ्या दिवशी त्यानं हूकरकडे कागद पाठवले : वॉलेसचा निबंध, १८४४ चा खर्डा आणि अमेरिकेतल्या आसा ग्रेला १८५७ मध्ये लिहिलेल्या पत्राची नक्कल. लायल आणि हूकर ह्यांनी ते १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचायची व्यवस्था केली, दोघांच्या नावानं. डार्विन तिथे नव्हता. वॉलेसला तर ह्यातलं काही माहीतच नव्हतं, तो हजारो मैलांवर होता. त्याला आधी विचारायला हवं होतं, हे मला आजही वाटतं. पण त्या माणसाचं मन मोठं. पुढे १८८९ मध्ये त्यानं ह्या विषयावर स्वतः ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘डार्विनिझम’!

आता माझा मुद्दा. समजा, त्या दिवशी डार्विनकडे फक्त ती पाकिटं असती. वीस वर्षांची चिटोरी, हजारोंच्या संख्येनं, अगदी उत्तम वर्गवारी केलेली. तर हूकरच्या हातात त्यानं काय दिलं असतं? काहीच नाही. कामाला आला तो १४ वर्षांपूर्वीचा खर्डा, कारण तो पुरता होता.

त्यानंतरचं तर त्याहून नवल. २० जुलै १८५८ रोजी त्यानं मोठा ग्रंथ बाजूला ठेवून एक ‘सारांश’ लिहायला घेतला. सुरुवातीला म्हणे ३० पानांचा करायचा होता. तो वाढत गेला आणि १३ महिने १० दिवसांत, मुद्रितं तपासण्यासकट, पूर्ण झाला. २४ नोव्हेंबर १८५९ ला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ बाजारात आलं. जवळजवळ ५०० पानं, १२५० प्रती, किंमत १५ शिलिंग. शीर्षकात ‘सारांश’ असा शब्द हवा असा डार्विनचा आग्रह होता, प्रकाशकानं तो काढायला लावला. बरं केलं! आणि तो मोठा ग्रंथ? तो कधीच पुरा झाला नाही. जेवढा झाला होता तेवढा १९७५ साली, म्हणजे लेखक जाऊन ९३ वर्षांनी, छापला गेला.

ह्यातून कुणी असं तात्पर्य काढेल, की बघा, वीस वर्षं तयारी केली म्हणून वर्षात पुस्तक झालं. खरंय. पण दुसरं तात्पर्यही तेवढंच खरं आहे. वॉलेसचं पत्र आलं नसतं तर त्या पाकिटांत आणखी दहा वर्षं चिटोरी पडत राहिली असती. तयारी ही गोड सवय आहे. ती करताना आपण काम करतोय असं वाटत राहतं, आणि चूक ठरायची भीती नसते. लिहिलेलं वाक्य चुकू शकतं, जमवलेलं चिटोरं कधी चुकत नाही.

*

आता अण्णांची ट्रंक.

माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांचं दैवत इतिहासाचार्य राजवाडे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरं जमवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. अण्णांनी त्यांच्याकडून पायपीट तेवढी उचलली. विषय जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी, बारवा आणि घाट. दर रविवारी सायकल, नाहीतर एस.टी. लहानपणी मीही जायचो. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर टेपचं एक टोक धरून मी उभा असल्याचं मला आठवतंय, आणि उन्हात आलेली रडकुंडीही. घरी आल्यावर ते टिपणं काढायचे. लग्नपत्रिकांच्या पाठीवर, कालनिर्णयच्या जुन्या पानांवर, कशावरही. ३२ वर्षं हे चाललं. कुणी विचारलं, “मास्तर, पुस्तक कधी?” की उत्तर ठरलेलं : “अजून वाळव्याकडचं बघायचं राहिलंय.” वाळवा तर जिल्ह्याबाहेर, सांगलीत! ते गेले तेव्हा पुस्तकाची एक ओळही लिहिलेली नव्हती.

मी ह्या वेळी डाऊनच्या घरात जिन्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. कारण एमा १८९६ मध्ये वारली आणि घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा तो १८४२ चा पेन्सिली खर्डा जिन्याखालच्या कपाटात सापडला. महत्त्वाच्या कागदांची ती जागा नव्हती. टाकवत नाही आणि लागतही नाही, असल्या सामानाची. थोडक्यात, आमचा माळा. मुलानं, फ्रान्सिसनं, तो वाचला आणि १८४४ च्या खर्ड्यासकट १९०९ साली छापला.

फ्रान्सिसला वाचण्याजोगं काहीतरी सापडलं. मला काय सापडणार?

मागच्या रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावून ट्रंक उघडायला लावली. ती एकेक कागद काढून वाचत होती, मी इथे लिहून घेत होतो. कागदांच्या जुड्या होत्या, गावांच्या नावांनी, सुतळीनं बांधलेल्या. लांबी, रुंदी, पायऱ्यांची संख्या, शिलालेखाचा उतारा. वर्गवारी चोख. पण आराखडा कुठेही नाही, दोन पानांचासुद्धा नाही. तासाभरानं आईनं चष्मा काढला आणि विचारलं, “पण ह्यातून त्यांना सांगायचं काय होतं रे?”

माझ्या साहेबांचाच प्रश्न! मी म्हटलं, “आई, तुला कधी बोलले नाहीत ते?”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एकदा म्हणाले होते. विहीर कुणी बांधली ते दगडावर लिहून ठेवतात, पाणी कुणाला मिळालं ते कुणी लिहीत नाही. म्हणून ते प्रत्येक ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना विचारायचे, तुम्ही पाणी कुठनं भरायचात? तू नाही का, उन्हात कंटाळायचास, ते ह्या गप्पांनीच.”

आणि मग आम्ही परत जुड्या सोडल्या. खरंच, प्रत्येक जुडीत तळाशी एखादा कागद होता. कोणत्या आळीची माणसं कोणत्या विहिरीवर, कुणाला पायरी उतरायची मुभा, कुणी वर थांबून वाढून घ्यायचं, नळ कधी आला. मोजमापांच्या खाली दडून बसलेले. मी आत्तापर्यंत ती ट्रंक विहिरींची समजत होतो.

रद्दीवाल्याला आईनं परत पाठवलंय. दिवाळीत मी जाईन तेव्हा कागदांचे फोटो काढून ठेवीन, पण ते नंतर. आधी एक पान. अण्णांचं पुस्तक मला लिहिता येईल की नाही माहीत नाही. मी इतिहासकार नाही आणि मला वॉलेसचं पत्रही येणार नाही. पण एक पान मी लिहू शकतो. पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणजे उद्या मीही थांबलो तर पुढच्याला नुसती ट्रंक नको मिळायला.

पान लिहिलंय. पाठकोऱ्या कागदावर, सात मुद्दे आहेत. सगळ्यात वर आईचं ते वाक्य. काल तिला फोनवर वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “चौथा आधी घे. नळ आल्यावर विहिरी ओस पडल्या, ते शेवटी हवं.”

बदलतोय.